लिनक्स कर्नलमधील २०३८ सुधारणा

लिनक्स कर्नलमधील २०३८ सुधारणा ही लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, कालमापन ३२ बिटांच्या मर्यादेतून मुक्त करण्यासाठी हाती घेण्यात आलेली सुधारणा आहे. तिचा मोठा भाग उपकरणांचे ड्रायव्हर तपासून दुरुस्त करण्याचा होता. ३२ बिटांत साठवलेली युनिक्स वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीनुसार ०३:१४:०७ वाजता (भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ०८:४४:०७) आपल्या कमाल मूल्यावर पोहोचते. पुढच्याच सेकंदाला हा आकडा उलटून ऋण होतो आणि संगणकाला १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दिसू लागते. हा प्रसंग टाळण्याचे कर्नलमधील काम प्रामुख्याने २०१४ ते २०२० या काळात झाले. केवळ एका चलाचा आकार दुप्पट करून ते पूर्ण होण्यासारखे नव्हते. प्रत्येक ड्रायव्हर वेळेचा उपयोग कशासाठी करतो हे पाहून त्याला योग्य घड्याळ आणि योग्य मापाचा आकडा द्यावा लागला.

पार्श्वभूमी

युनिक्स आणि तिच्या धर्तीवर घडलेल्या संचालन प्रणालींमध्ये वेळ ही एका ठरावीक आरंभबिंदूपासून उलटलेल्या सेकंदांच्या संख्येने व्यक्त केली जाते. हा आरंभबिंदू म्हणजे १ जानेवारी १९७० रोजीची यूटीसी मध्यरात्र होय. दिवस, महिना, वर्ष, कालविभाग या साऱ्या गोष्टी या एकाच संख्येवरून नंतर काढल्या जातात. सी भाषेत या संख्येच्या प्रकाराला ‘टाइम_टी’ असे नाव आहे.

आरंभीच्या काळात हे माप वेगळे होते. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेत वेळ १ जानेवारी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेली आढळते. या गतीने ३२ बिटांचा आकडा सुमारे ८२८ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांतच भरतो. त्यामुळे आरंभबिंदू बदलावा लागला व अखेरीस सेकंद हे एकक आणि १९७० हा आरंभ स्थिर झाला. कालमापनाचा आकडा अपुरा पडणे हा प्रश्न अशा प्रकारे युनिक्सच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

अंकमर्यादा ओलांडणे

दुचाकीच्या जुन्या किलोमीटर-मापकावर पाच घरे असतील तर ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. संगणकातील ठरावीक बिटांचा आकडाही असाच वागतो. या घटनेला ओव्हरफ्लो म्हणतात. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त आकड्यात एक बिट धन-ऋण चिन्हासाठी खर्च होतो आणि उरलेल्या ३१ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मावते. तीत एक मिळवला की आकडा −२,१४,७४,८३,६४८ असा वाचला जातो. १९७० पासून तितके सेकंद मागे गेले असता १३ डिसेंबर १९०१, यूटीसी २०:४५:५२ ही वेळ मिळते.

तोच आकडा चिन्हरहित मानल्यास मर्यादा ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंत लांबते, परंतु १९७० पूर्वीच्या तारखा दाखवता येत नाहीत. ६४ बिटांच्या चिन्हयुक्त आकड्यात सेकंद मोजल्यास सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरतात. तेवढ्याच बिटांत नॅनोसेकंद मोजल्यास मात्र मर्यादा सुमारे २९२ वर्षांची, म्हणजे १९७० पासून धरल्यास इ.स. २२६२ पर्यंतची होते. लिनक्स कर्नलमधील अंतर्गत कालमापन याच दुसऱ्या रूपावर आधारलेले आहे.

ड्रायव्हर आणि वेळ

ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि प्रत्यक्ष उपकरण यांच्यातील दुभाष्या आज्ञावली. कळफलक, कॅमेरा, नेटवर्क कार्ड, डिस्क, संवेदक अशा प्रत्येक उपकरणासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हरांना वेळेची गरज साधारणपणे चार कारणांसाठी पडते:

* उपकरणाच्या उत्तराची किती वेळ वाट पाहावी हे ठरवण्यासाठी;
* दोन घटनांमधील अंतर मोजण्यासाठी;
* एखादी घटना केव्हा घडली याची नोंद वापरकर्त्याच्या आज्ञावलीला देण्यासाठी;
* उपकरणाच्या आतील घड्याळ लावण्यासाठी किंवा ते वाचण्यासाठी.

यांपैकी पहिल्या दोन कामांना तारखेची मुळीच आवश्यकता नसते, तर शेवटच्या दोन कामांत पुष्कळदा खरी तारीख लागते. जुन्या ड्रायव्हरांमध्ये मात्र चारही कामांसाठी भिंतीवरच्या घड्याळासारखी तारीखवेळच वापरलेली आढळे. सुधारणेतील बहुतेक निर्णय या एका भेदाभोवती फिरतात.

६४-बिट प्रोसेसरवरील लिनक्समध्ये टाइम_टी हा प्रकार मुळातच ६४ बिटांचा असल्याने प्रश्न केवळ ३२-बिट यंत्रांचा आहे, असा समज होऊ शकतो. तो अपुरा आहे. ड्रायव्हरने ६४ बिटांची वेळ घेऊन ती स्वतःच्या ३२-बिट चलात ठेवली, तर ६४-बिट यंत्रावरही वरचे बिट गळून पडतात आणि २०३८ची किंवा २१०६ची मर्यादा पुन्हा लागू होते.

दोषांचे प्रकार

तारखेचा ओव्हरफ्लो. सेकंदांची संख्या ३२-बिट चिन्हयुक्त चलात ठेवल्याने घडणारा हा सर्वपरिचित दोष होय. त्याचा परिणाम २०३८ सालीच दिसेल असे नाही. भविष्यातील वेळ मोजणाऱ्या आज्ञावलीला मर्यादा आधीच भेटते. १३ मे २००६ रोजी एओएलसर्व्हर या वेब सर्व्हरच्या काही स्थापनांत असेच घडले. तेथे ‘कधीच संपू नये’ अशा अर्थाने एक अब्ज सेकंदांची मुदत दिलेली होती. त्या दिवशी चालू वेळ अधिक मुदत ही बेरीज २०३८ च्या पलीकडे गेली आणि सर्व मुदती भूतकाळात संपल्यासारख्या वाटू लागल्या.

गुणाकारातील ओव्हरफ्लो. सेकंदांचे मिलिसेकंद वा मायक्रोसेकंद करताना आकडा फार लवकर भरतो. ३२-बिट चिन्हयुक्त आकड्यात मायक्रोसेकंद मोजल्यास सुमारे ३६ मिनिटांत, तर नॅनोसेकंद मोजल्यास अवघ्या २.१ सेकंदांत मर्यादा येते. असे दोष २०३८ ची वाट पाहत नाहीत; यंत्रावर भार आला आणि एखादी क्रिया नेहमीपेक्षा लांबली की ते प्रकट होतात.

टिकांच्या मोजणीचा ओव्हरफ्लो. लिनक्स कर्नल सुरू झाल्यापासून ठरावीक अंतराने वाढणारा ‘जिफीज’ नावाचा एक गणक ठेवतो. सेकंदाला १,००० टिका असल्यास त्याचे ३२-बिट रूप ४९.७ दिवसांत, तर १०० टिका असल्यास ४९७ दिवसांत शून्यावर येते. ड्रायव्हरने दोन वेळांची थेट लहान-मोठी तुलना केल्यास येथे चूक होते. समजा गणक ४,२९,४९,६७,२९० वर असताना १०० टिकांची मुदत दिली. बेरीज मर्यादेपलीकडे जाऊन ९४ उरते. पुढच्या टिकेला गणक ४,२९,४९,६७,२९१ होतो. तो ९४ पेक्षा मोठा असल्याने मुदत संपली असा निष्कर्ष निघतो, जरी प्रत्यक्षात ९९ टिका शिल्लक असतात. उलट वजाबाकी करून उत्तराचे चिन्ह पाहिल्यास ९९ हे बरोबर उत्तर मिळते. कर्नलमध्ये यासाठी तयार तुलना-सूत्रे आहेत. अंतर गणकाच्या निम्म्या पल्ल्याहून कमी असेल तोवर ती अचूक चालतात.

असे दोष लवकर उघडकीस यावेत म्हणून कर्नलमध्ये जिफीजची सुरुवात शून्यापासून न करता ३२-बिट मर्यादेच्या पाच मिनिटे अलीकडून केली जाते. त्यामुळे सदोष ड्रायव्हर सात आठवड्यांनी नव्हे, तर यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच अडखळतो.

घड्याळ सरकल्याने होणारी चूक. तारखेचे घड्याळ वापरकर्ता किंवा नेटवर्क सेवा पुढेमागे करू शकते. अंतर मोजण्यासाठी हे घड्याळ वापरल्यास उत्तर ऋण वा अवास्तव मोठे येते. हा ओव्हरफ्लो नसला तरी त्याच ओळींत आढळणारा दोष असल्याने सुधारणेत दोन्हींचे निराकरण एकत्रच झाले.

सुधारणेची पद्धत

नवे प्रकार. जुन्या संहितेत सेकंद व मायक्रोसेकंद अशी जोडी ठेवणारा ‘टाइमव्हॅल’ आणि सेकंद व नॅनोसेकंद ठेवणारा ‘टाइमस्पेक’ हे प्रकार सर्रास वापरात होते. दोन्हींतील सेकंदांचा आकार यंत्राच्या बिटसंख्येवर अवलंबून असे. त्यांच्या जागी सर्व यंत्रांवर ६४-बिट सेकंद ठेवणारा ‘टाइमस्पेक६४’ आणि नॅनोसेकंदांचा एकच ६४-बिट आकडा ठेवणारा ‘केटाइम_टी’ हे प्रकार आणले गेले. जोडी-प्रकारात बेरीज-वजाबाकी करताना हातचा सांभाळावा लागतो. एकाच आकड्यात ती गरज उरत नाही. त्यामुळे अनेक ड्रायव्हरांतील कोड दुरुस्तीनंतर आखूड झाला.

घड्याळाची निवड. अंतर आणि मुदत यांसाठी मोनोटॉनिक, म्हणजे कधीही मागे न जाणारे घड्याळ वापरावे, असा दंडक घालण्यात आला. हे घड्याळ यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ मोजते, त्यामुळे सेकंदांचा ३२-बिट चिन्हरहित आकडाही येथे १३६ वर्षे सलग चालेपर्यंत पुरतो. यंत्र निद्रावस्थेत गेलेला काळही धरायचा असल्यास ‘बूटटाइम’ हे तिसरे घड्याळ असते. खरी तारीख केवळ ती बाहेर दाखवायची वा साठवायची असेल तेथेच घ्यावी.

नाव बदलण्याचे धोरण. जुनी कार्ये आहेत त्याच नावाने दुरुस्त न करता नव्या नावांची कार्ये निर्माण केली गेली आणि ड्रायव्हर एकेक करून त्यांवर नेले गेले. शेवटचा वापरकर्ता संपला की जुने कार्य पुसले जाई. नाव तेच ठेवून आतील माप बदलले असते, तर ३२-बिट चलात वेळ कोंबणाऱ्या जागा नजरेतून निसटल्या असत्या.

३२-बिट यंत्रांवरील खर्च. अशा यंत्रांवर ६४-बिट आकडा दोन भागांत वाचावा लागतो. पहिला भाग वाचून झाल्यावर आणि दुसरा वाचण्यापूर्वी घड्याळ पुढे गेले, तर अर्धा जुना व अर्धा नवा असा चुकीचा आकडा हाती येऊ शकतो. म्हणून कर्नल वाचनाच्या आधी व नंतर एक क्रमांक तपासतो आणि तो बदललेला आढळल्यास पुन्हा वाचतो. ६४-बिट भागाकारही ३२-बिट प्रोसेसरवर महाग पडतो. त्यासाठी कर्नलमधील खास कार्ये वापरावी लागतात. साधे भागाकार-चिन्ह वापरल्यास बहुतेक ३२-बिट यंत्रांवर बांधणीच अडते.

कर्नलबाहेरील करार

कर्नलच्या आतील प्रकार बदलणे तुलनेने सोपे होते, कारण सर्व कोड एकाच भांडारात आहे. वापरकर्त्याच्या आज्ञावली मात्र अन्यत्र बांधलेल्या असतात आणि आधी चालणारी आज्ञावली नव्या कर्नलवर बंद पडू नये, हा लिनक्सचा जुना नियम आहे. त्यामुळे जेथे वेळ कर्नलच्या सीमेपलीकडे जाते तेथे जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे सांभाळावी लागली.

ड्रायव्हरला विशिष्ट आज्ञा देण्याच्या ‘आयऑक्टल’ या व्यवस्थेत हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा ठरला. आज्ञेच्या क्रमांकातच सोबतच्या माहितीचा आकार गोवलेला असतो. टाइम_टी ६४ बिटांचा झाला की माहितीचा आकार वाढतो आणि त्याबरोबर आज्ञेचा क्रमांकही बदलतो. अशा ड्रायव्हरांना दोन्ही क्रमांक ओळखून प्रत्येकाला त्याच्या मापाचे उत्तर देणे भाग पडते. क्रमांकात आकार गोवलेला नसेल तर स्थिती अधिक बिकट होते, कारण समोरची आज्ञावली जुनी आहे की नवी हे ड्रायव्हरला कळण्याचा मार्गच नसतो.

कळफलक व माउस यांच्या घटना कळवणाऱ्या इनपुट विभागात वेगळा तोडगा निघाला. तेथील रचनेचा आकार न बदलता ३२-बिट यंत्रांवर सेकंद चिन्हरहित मानण्यात आले. त्यामुळे तारखेच्या घड्याळासाठी २१०६ पर्यंतची मुदत मिळाली आणि मोनोटॉनिक घड्याळ वापरणाऱ्यांचा प्रश्न व्यवहारतः संपला. नेटवर्क सॉकेटांच्या बाबतीत वेळेशी संबंधित पर्यायांना जुने व नवे असे दोन क्रमांक देण्यात आले.

उपकरणे व साठवण

काही मर्यादा आज्ञावलीत नसून उपकरणातच असतात. बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळ-चकत्यांपैकी काहींत वर्षाचे दोनच अंक असतात, तर काहींत सेकंदांचा ३२-बिट गणक असतो. लिनक्सच्या घड्याळ-विभागात म्हणून प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या चकतीला दाखवता येणारा सर्वांत आधीचा व सर्वांत नंतरचा क्षण जाहीर करण्याची सोय केली गेली. बॅटरी संपलेली चकती कोणतीही यादृच्छिक तारीख देऊ शकते. ३२-बिट प्रणालीवर ती तारीख २०३८ पलीकडची निघाल्यास यंत्र सुरू होतानाच अडकण्याचा धोका असे. यासाठी अशी तारीख न स्वीकारण्याची तपासणी कर्नलमध्ये घालण्यात आली.

फायलींच्या नोंदींतही हाच प्रश्न आहे. एक्स्ट३ या फाइल-व्यवस्थेची मर्यादा २०३८ आहे. एक्स्ट४ मध्ये फाइलच्या नोंदीस २५६ बाइट दिल्यास ती २४४६ पर्यंत जाते, पण जुन्या पद्धतीच्या १२८ बाइटांच्या नोंदीत २०३८ हीच मर्यादा राहते. एक्सएफएस मध्ये कर्नल ५.१० पासून २४८६ पर्यंतच्या तारखांची सोय आहे. तथापि आधीच तयार केलेल्या डिस्कवर ती आपोआप लागू होत नाही.

कालक्रम

* २०१४: कर्नल ३.१७ मध्ये कालमापनाचा गाभा ६४-बिट प्रकारांवर नेण्यात आला. जॉन स्टुल्ट्झ यांचा यात प्रमुख वाटा होता. ड्रायव्हरांसह उर्वरित कर्नलच्या दुरुस्तीचे नेतृत्व आर्न्ड बर्गमन यांनी केले.
* २०१५ च्या सुमारास: ‘आउटरीची’ या प्रशिक्षण-उपक्रमातील नवोदितांनी अनेक ड्रायव्हरांची दुरुस्ती केली. छोटे, स्वतंत्र आणि तपासण्यास सोपे बदल असल्याने हे काम कर्नल-विकासाची ओळख करून घेण्यास सोयीचे ठरले.
* २०१८: कर्नल ४.१८ मध्ये फायलींच्या अंतर्गत नोंदींतील वेळ ६४-बिट झाली. या कामात दीपा दिनमणी यांचे योगदान उल्लेखनीय आहे.
* मे २०१९: कर्नल ५.१ मध्ये ३२-बिट यंत्रांसाठी ६४-बिट वेळ देणारी-घेणारी नवी प्रणाली-आवाहने आली.
* मार्च २०२०: कर्नल ५.६ प्रसिद्ध झाला. २०३८ नंतर चालू शकणाऱ्या ३२-बिट प्रणालीचा पाया होऊ शकेल अशी ही पहिली आवृत्ती मानली जाते.

कर्नलनंतर सी भाषेच्या मूलभूत ग्रंथालयांनी हा बदल स्वीकारला. मसल १.२.० (फेब्रुवारी २०२०) मध्ये ३२-बिट यंत्रांवरही टाइम_टी ६४ बिटांचा झाला. जीलिबसी २.३४ (ऑगस्ट २०२१) मध्ये तो ऐच्छिक स्वरूपात आला. डेबियन प्रकल्पाने ३२-बिट एआरएम यंत्रांसाठीची आपली सर्व पॅकेजे नव्या मापाने पुन्हा बांधली आणि ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ती समाविष्ट केली. जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी मात्र जुन्या आज्ञावली चालत राहाव्यात म्हणून हा बदल केला नाही.

अन्य प्रणालींतील स्थिती

नेटबीएसडीने २०१२ मध्ये ६.० आवृत्तीत आणि ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीत सर्व यंत्रांवर ६४-बिट टाइम_टी आणला. या प्रकल्पांत कर्नल व मूलभूत आज्ञावली एकत्र विकसित होत असल्याने हा बदल एका टप्प्यात करणे शक्य झाले.

कालगणकाचा ओव्हरफ्लो लिनक्सपुरता मर्यादित नाही. विंडोज ९५ व ९८ मधील मिलिसेकंद-गणकामुळे ४९.७ दिवस सलग चालल्यावर संगणक गोठू शकत असे. २०१५ साली अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसंबंधी निर्देश काढला. जनित्र-नियंत्रकांना २४८ दिवस सलग वीज मिळत राहिल्यास त्यांतील गणकाचा ओव्हरफ्लो होऊन विमानाचा वीजपुरवठा खंडित होऊ शकतो, असे त्यात नमूद होते. सेकंदाच्या शंभराव्या भागांनी मोजल्यास ३१ बिटांचा आकडा साधारण तितक्याच दिवसांत भरतो.

चाचणी व उर्वरित धोके

सुधारलेल्या ड्रायव्हरची चाचणी सामान्यतः आभासी यंत्रात घड्याळ २०३८ च्या काही मिनिटे अलीकडे लावून केली जाते. सीमा ओलांडतानाचे वर्तन आणि सीमेपलीकडील तारखेने यंत्र नव्याने सुरू करणे, अशा दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. वापरातील यंत्रावर असा प्रयोग करणे धोक्याचे असते, कारण सुरक्षा-प्रमाणपत्रे कालबाह्य ठरतात, वेळेनुसार चालणारी कामे एकदम सुरू होतात आणि फायलींवर भविष्यातील तारखा उमटतात.

नवीन कर्नल उपलब्ध झाल्याने चालू यंत्रे आपोआप सुरक्षित होत नाहीत. वीजमापक, औद्योगिक नियंत्रक, वाहनांतील संगणक, इमारतींतील यंत्रणा यांचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते आणि त्यांत ३२-बिट प्रोसेसर मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा उपकरणांत बसवलेला कर्नल पुष्कळदा कधीच बदलला जात नाही. शिवाय अनेक उत्पादक आपले ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये न देता स्वतःजवळ ठेवतात. मुख्य कर्नलमधील जुनी कार्ये पुसली गेल्याने असा ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर बांधलाच जात नाही. परिणामी उत्पादक त्या उपकरणासाठी जुनाच कर्नल पुढे चालवण्याची शक्यता राहते.

एखादे उपकरण २०३८ पलीकडे सुरक्षित चालण्यासाठी कर्नल, ड्रायव्हर, सी ग्रंथालय, वापरातील आज्ञावली, डिस्कवरील नोंदींचे स्वरूप आणि घड्याळ-चकती या सहाही ठिकाणी पुरेसे माप असणे आवश्यक असते. यांपैकी एकाही ठिकाणी वेळ ३२-बिट चिन्हयुक्त आकड्यात साठवली गेली, तर त्या ठिकाणी जुनीच मर्यादा लागू होते.

हेही पाहा

* युनिक्स वेळ
* वायटूके समस्या
* जीपीएस आठवडा-गणकाची पुनरावृत्ती
* लीप सेकंद
* लिनक्स कर्नल